कोऱ्या पेपराचा कौल

सुदेशभाऊ पाताडे यांनी जन्मात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. ताटात अन्न टाकलं नव्हतं आणि परीक्षेत पेपर कोरा सोडला नव्हता. पहिल्या गोष्टीचा पुरावा त्यांच्या पोटावर स्पष्ट दिसत असे. दुसरीचा दाखला ते स्वतः देत. दहावीला इतिहासाच्या पेपरात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारली होती. सुदेशभाऊंना फ्रेंचही ठाऊक नव्हते आणि राज्यक्रांतीही. पण गडी डगमगला नाही. त्यांनी आपल्या गावच्या जत्रेचं वर्णन लिहिलं, दशावतारातल्या राक्षसाच्या लढाईसकट लिहिलं, पुरवणी जोडून लिहिलं, आणि पास झाले.

"येवो नायतर न येवो, कायतरी लिवायचा. कोरो पेपर बघून मास्तराक वायट वाटता," हे तत्त्वज्ञान त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला बाराखडीबरोबरच पाजलं होतं. मुलगी गुणी निघाली. आकांक्षा कधीही, कुठलाही पेपर कोरा सोडत नसे. आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

पाताड्यांचा कोकमाचं आगळ आणि आमरस बाटल्यांत भरून विकायचा धंदा होता. वाडीतलं घर म्हणजेच कारखाना, आणि जवळच्या कट्टा गावच्या बाजारात छोटंसं दुकान. कॉमर्सची पदवी घेतल्यावर आकांक्षाने बाटल्यांची लेबलं बदलली, मुंबईची दोन गिऱ्हाइकं जोडली आणि मग एक दिवस जाहीर केलं की आपल्याला मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये जाऊन एमबीए करायचंय. त्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिने ‘शिखर’ नावाचा ऑनलाइन क्लास लावला.

"धंदो शिकाक शाळेत कित्याक जावक होया?" शेजारच्या तुळसाने विचारलं. "बापूस धंदोच करता मा?"

"बापूस करता तसो धंदो करूचो नाय म्हणानच शाळेत जावचा आसा," आकांक्षाची आई सारिका म्हणाली. सुदेशभाऊंनी ते ऐकलं, पण तोंडात घास होता.

या परीक्षेची एक खोड होती. उत्तर चुकलं की मिळालेले मार्कही कापायचे. क्लासचे देवेश सर स्क्रीनवरून घसा फोडून सांगत, "जो प्रश्न येत नाही तो सोडा! सोडायला शिका!" आकांक्षा मान डोलवायची. पण सराव परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली, की रिकामे प्रश्न बघून तिला आतून बापाचा आवाज ऐकू यायचा, "कोरो सोडू नको गो!" मग ती उरलेल्या प्रश्नांवर धडाधड बोट मारत सुटायची. उजव्या हाताने कमावलेलं डाव्या हाताने घालवायची. दर वेळी निकाल तोच. शंभरातली सत्तर मुलं पुढे, आकांक्षा मागे.

शेवटी क्लासचा निरोप आला. रविवारच्या परीक्षेत जे पन्नास पर्सेंटाइलच्या खाली राहतील, म्हणजे शंभरातल्या निम्म्यांनाही मागे टाकणार नाहीत, त्यांना थेट शिकवणीच्या बॅचमधून काढण्यात येईल. सारिकाने घरातही तोच कायदा लागू केला. "बॅच गेली की लॅपटॉप बंद. कुडाळच्या पतपेढीत जागा रिकामी आसा, थंय अर्ज करूचो." आकांक्षा म्हणाली, "चालात."

पोरगी पास व्हावी की नापास, हे सुदेशभाऊंना स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. पास झाली तर लांब जाणार आणि घरात बोलायला आगळाच्या बाटल्या उरणार. पण प्रत्येक निकालानंतरचा तिचा पडलेला चेहरा बघून त्यांना जेवण जात नसे. ताटात टाकायचं नाही म्हणून ते संपवत, एवढंच.

तो रविवार उजाडला. सारिका भाचीच्या साखरपुड्याला तळेऱ्याला गेली होती. सुदेशभाऊ नारळाच्या सोडणांच्या ढिगावरून घसरून पाय मोडून घेतल्यामुळे प्लास्टरमध्ये घरीच होते. पडवीत मोबाईलची रेंज चांगली, म्हणून आकांक्षाने तिथेच टेबल मांडलं. परीक्षेचे नियम कडक होते. कॅमेरा चालू. चेहरा शेवटपर्यंत दिसला पाहिजे. दुसरं माणूस दिसता कामा नये, आवाज येता कामा नये. पाच मिनिटांहून जास्त वेळ चेहरा दिसेनासा झाला की पेपर रद्द आणि बॅचला रामराम.

पहिला प्रश्न स्क्रीनवर आला आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडून आरोळी आली.

"सायबिणी माये! मेलंय गो मेलंय!"

सिसिलिया मावशी विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली होती. तिचा मुलगा सॅविओ बोटीवर नोकरीला, घरी ती एकटीच. आकांक्षाने जाऊन पाहिलं तर मावशीचं मनगट टम्म सुजलेलं. वाडीत त्या वेळी हाताशी असलेली गाडी एकच, आकांक्षाची स्कूटर. ती धावत परत आली. तिने बापाची खुर्ची प्लास्टरसकट टेबलासमोर ओढली.

"बाबा, मी मावशेक घेवन कट्ट्याक दवाखान्यात जातंय. तू हयसर बस. नुसतो बस! तोंड दिसतला असा बस. बोलू नको, उठू नको."

"अगो पण माका त्यातला काय..."

"तुका कायच करूचा नाय. बटनाक हात लावलंस तर माझ्या गळ्याची आण आसा!"

"आण कित्याक घालतंस गो?" असं सुदेशभाऊ म्हणेपर्यंत स्कूटर आणि मावशीचा विव्हळण्याचा आवाज दोन्ही वळणापलीकडे गेले होते.

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. ‘चेहरा ओळखता येत नाही.’ सुदेशभाऊंच्या लक्षात आलं की हरकत मिशीला आहे. आकांक्षाची ओढणी खुर्चीच्या पाठीवर होती. ती त्यांनी डोक्यावरून घेतली आणि नाकापर्यंत गुंडाळली. फक्त डोळे उघडे ठेवले. लाल अक्षरं गेली. पोरीने बापाचे डोळे घेतलेत, असं वाडीतल्या बायका बारशापासून सांगत होत्या. आज ते कॉम्प्युटरलाही पटलं.

समोरचा प्रश्न आंब्यांचा होता. एका व्यापाऱ्याने काही आंबे घेतले, त्यातले थोडे सडले, उरलेले त्याने अमुक भावाने विकले, तर नफा की तोटा? सुदेशभाऊ भाव वाचून हादरले. त्या भावात रायवळसुद्धा येत नाही! खाली चार उत्तरं होती. कुठलं बरोबर ते त्यांना सांगता येईना, पण चारांतलं एक तर बरोबर असणारच. आणि आपण बसलो असताना, तेही आंब्याच्या प्रश्नावर, पेपर कोरा? त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं. मग आण आठवली. बोट हवेतच थांबलं आणि थरथरायला लागलं. त्यातच प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि पाय गदगदा हलू लागला. कॅमेऱ्याला डोळे नीट दिसावेत म्हणून ते सुदेशभाऊंनी वटारून ठेवले होते.

नेमका याच वेळी तुळसाचा नवरा बाबली आगळाची बाटली मागायला आला.

इथे गावची एक अडचण सांगायला हवी. जत्रा तोंडावर आली होती. जत्रेच्या आधी देव कोणाच्या तरी अंगात येतो आणि गावाच्या प्रश्नांना कौल देतो. याला इकडे अवसार म्हणतात. ज्या म्हाताऱ्याच्या अंगात अवसार यायचा तो गेल्या वर्षी वारला आणि तेव्हापासून देव कोणाच्याच अंगात आला नव्हता. सगळा गाव एकमेकांच्या अंगाकडे बघत होता. अशा दिवसांत बाबलीला सुदेश पाताडे दिसला. डोक्यावर ओढणी, डोळे वटारलेले, बोट थरथरतंय, पाय घुमतोय.

"सुदेशा? रे, आगळ होया होता."

सुदेशभाऊंनी, जा बाबा इथून, या अर्थाने मानेला जोरदार हिसका दिला. बाबलीने दोन्ही हात जोडले.

"अवसार इलो! गे आये माझे, अवसार इलो!" आणि तो पळत सुटला.

गेला एकदाचा, असं सुदेशभाऊंना वाटलं. पण थोड्याच वेळात तो परत आला तो तुळसाला, गावचे मानकरी धोंडूकाका यांना आणि अर्ध्या वाडीला घेऊन. नारळ होता, उदबत्ती होती, कोणीतरी जास्वंदीची फुलंसुद्धा आणली होती. सगळे सुदेशभाऊंच्या पाठीमागे उभे राहिले.

‘एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत,’ स्क्रीन लाल झाली.

सुदेशभाऊंनी घाबरून हाताचा पंजा खाली दाबला. बाजूला व्हा, असं त्यांना म्हणायचं होतं.

"देव बसाक सांगता! बसा सगळी!" धोंडूकाका म्हणाले. वाडी मटकन जमिनीवर बसली. कॅमेऱ्यातून माणसं नाहीशी झाली आणि लाल अक्षरंही गेली. धोंडूकाकांनी नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला आवाज लावला.

"बा म्हाराजा! आज तू ह्या लेकराच्या अंगात उभो ऱ्हवलंस..."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

‘खोलीत आवाज ऐकू येत आहे.’

सुदेशभाऊंनी ओढणीवरूनच ओठांवर बोट ठेवलं. सगळे चिडीचूप. "देवाक गडबड नको," धोंडूकाका कुजबुजले, "काय विचारूचा तां हळू विचारा. देव मानेन कौल देतलो."

उजवा कौल म्हणजे होकार आणि डावा म्हणजे नकार, हे कोकणातल्या पोराटोरांनाही कळतं. बाबली कानाशी येऊन पुटपुटला, "म्हाराजा, झिल रिक्षा घेवक बघता. घेवंदे?" नेमका उदबत्तीचा धूर नाकात गेला आणि सुदेशभाऊंची मान फाडकन उजवीकडे गेली. "उजवो!" वाडी हळूच म्हणाली. बाबलीचं तोंड उतरलं. पोराच्या रिक्षाला त्याला डावा हवा होता.

मग तुळसा सरसावली. "म्हाराजा, माझो घोव रातभर घोरता. तेका पडवीत निजाक सांगू?" डाव्या कानाशी एक माशी घोंघावत होती. मान पुन्हा उजवीकडे. या वेळी "व्हय म्हाराजा" फक्त बायकांनी म्हटलं, पण मनापासून.

तिसरा प्रश्न धोंडूकाकांचा होता. देवळामागचा जुना फणस तोडायचा का? याचं उत्तर मात्र सुदेशभाऊंना पक्कं ठाऊक होतं. तो फणस तोडू नये म्हणून ते दोन वर्षं बैठकीत भांडत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी मान शांतपणे, ठाम, डावीकडे वळवली. "डावो," धोंडूकाकांनी उसासा टाकला. "संपलो विषय."

त्यानंतर कोणाचं लग्न, कोणाची बांधावरची कुरबूर, असे प्रश्न येत राहिले. सुदेशभाऊंना त्यातलं काही कळत नव्हतं. धूर सरला होता, माशी उडाली होती, म्हणून मान जागेवरच राहिली. "देवान ह्यो प्रश्न सोडल्यान," असं म्हणून धोंडूकाका पुढच्याला बोलवत. आणि समोर स्क्रीनवर तो आंब्यांचा व्यापारी तसाच उभा होता. सुदेशभाऊंचं बोट शिवशिवत होतं. हे असं दोन तास चाललं. त्या दोन तासांत त्यांनी जे सोसलं ते प्लास्टर घालतानाही सोसलं नव्हतं.

अखेर स्क्रीन हिरवी झाली. ‘आपला पेपर जमा झाला आहे. धन्यवाद.’

सुदेशभाऊंनी ओढणी भिरकावली आणि बोंब ठोकली, "रे मेल्यांनो, पाय खाजवाक खराट्याची एक हीर हाडा पयली!"

"सुटलो," धोंडूकाका गहिवरून म्हणाले. "देव गेलो."

आकांक्षा मावशीला घेऊन परतली तेव्हा पडवीत नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या आणि लॅपटॉपला कुंकू लावलेलं होतं. मावशी हात गळ्यात बांधून दारातच थांबली.

"बाबा! काय केलंस?"

"कायच करूक नाय गो. तुझी आण." सुदेशभाऊंनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "एक आंब्याचो प्रश्न होतो. तोय सोडलंय. जन्मात पयल्यांदा कोरो पेपर दिलंय."

आकांक्षाने कपाळाला हात लावला. कोरा पेपर म्हणजे शून्य मार्क आणि शून्य मार्क म्हणजे कुडाळची पतपेढी. तिने मावशीला गरम पेज करून दिली आणि घरापुढच्या खळ्यात जाऊन एकटीच बसली. सुदेशभाऊ आतून तिची पाठ बघत राहिले. त्या पाठीकडे बघताना त्यांना एकदम कळलं, की पोरगी पास व्हावी की नापास, हे आपलं कधीचं ठरलेलं आहे.

संध्याकाळी निकाल आला. आकांक्षाने तो एकदा वाचला, मग डोळे चोळून पुन्हा वाचला. ‘अभिनंदन आकांक्षा! ही तुमची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. चुकलेली उत्तरं : शून्य. पर्सेंटाइल : बावन्न.’ पेपर इतका भयंकर होता की निम्म्याहून जास्त मुलं उत्तरं ठोकून ठोकून शून्याच्याही खाली गेली होती. सुदेशभाऊंनी शून्यावर बसून त्या सगळ्यांना मागे टाकलं होतं.

दोघं हसणार एवढ्यात फोन वाजला. देवेश सर! आकांक्षाने स्पीकर लावून फोन बापाच्या हातात कोंबला आणि सुदेशभाऊंनी बँकेत बोलायची मराठी काढली.

"नमस्कार सर. मी आकांक्षाचा बापूस, आपलं, वडील बोलतोय."

"काका, आम्ही आजचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात ओढणी घेतलेली एक व्यक्ती आहे."

"असेल, असेल."

"तिची ओढणी मध्येच घसरते. तिला मिशी आहे."

सुदेशभाऊंचा हात आपोआप मिशीवर गेला.

"आणि मागून बरेच लोक एकदम ओरडतात. पेपर चालू असताना हे काय चाललं होतं?"

इथे बँकेची मराठी संपली. "सर, चेडवाची कायएक चूक नाय. शेजारीण पडली म्हणान ती गेली. असा कोणाक टाकून पेपर लिवणारी पोर नाय ती. मी नुसतो बसललंय, बोटसुदीक लावूक नाय. तिका काढू नका. काढूचा तर माका काढा!"

पलीकडून आधी ठसका लागल्यासारखा आवाज आला. मग कळलं की सर हसत होते.

"काका, तुम्हाला कसं काढू? तुम्ही बॅचमध्ये नाहीच. आजचा पेपर रद्द. तिने बुधवारी दुसरा द्यायचा, पण पन्नासची अट तीच. आणि आकांक्षा, ऐकतेयस ना? तू जीव तोडून अभ्यास करतेस, त्यापेक्षा काहीच न करणाऱ्या काकांना जास्त मार्क पडले. जरा विचार कर."

बुधवारी सकाळी पेपर सुरू व्हायच्या आधी सुदेशभाऊ कुबडी टेकत पडवीत आले. दारातून ते दोनदा परत फिरले. तीस वर्षं जपलेलं तत्त्वज्ञान गिळायला वेळ लागतोच.

"आकांक्षा, जां येणा नाय तां सोड."

"पण बाबा, पेपर कोरो..."

"ऱ्हवांदे कोरो. मास्तराक वायट वाटला तर वाटांदे."

आकांक्षाने त्या दिवशी कितीतरी प्रश्न सोडले. सोडताना तिचं बोट दर वेळी हवेतच थांबत होतं, अगदी बापासारखं. पण बॅच राहिली. पुढे खरी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या आणि उन्हाळ्यात, आमरसाच्या बाटल्या भरायच्या ऐन धांदलीत, तिला लांबच्या एका बिझनेस स्कूलचं बोलावणं आलं. सिसिलिया मावशीने, आपला हात मोडला म्हणूनच हे झालं, असं चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. इकडे सुदेशभाऊ रविवारचा खरा प्रकार गावाला सांगून सांगून दमले होते, पण कोणी मानायला तयार नव्हतं.

"देव कॉम्प्युटरासमोर येवक लागलो तर तुझी काय हरकत?" धोंडूकाका विचारत. फणस शाबूत होता. बाबली पडवीत निजत होता.

आकांक्षाला एसटीत बसवायला सगळे कट्ट्याच्या स्टॉपवर आले, बाबलीच्या मुलाच्या नव्या रिक्षातून. सारिकाने पिशवीत लाडवांचा डबा तिसऱ्यांदा नीट ठेवला. गाडी आली. आकांक्षाने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळली.

"बाबा, जावू मा मी?"

सुदेशभाऊंनी आदल्या दिवसापासून मोठं भाषण तयार ठेवलं होतं. जपून रहा, वेळेवर जेव, इकडची काळजी करू नको. पण पोर समोर उभी होती, ड्रायव्हर खोळंबला होता, सगळा स्टॉप बघत होता. सुदेशभाऊंनी डोळे मिटले आणि मान हळूच उजवीकडे झुकवली.

"उजवो कौल!" मागून बाबली ओरडला.

"व्हय म्हाराजा!" स्टॉप गरजला, आणि कंडक्टरने लगेच घंटी दिली.

त्या रात्री सुदेशभाऊंच्या ताटात भात उरला. सारिका बघतच राहिली. लग्न झाल्यापासून तिने हे पाहिलं नव्हतं.

"ह्यां काय? टाकलास?"

"घास जाणा नाय," सुदेशभाऊ ताट सरकवत म्हणाले. "जां जमणा नाय तां सोडूचा, असा सरांनीच सांगल्यानी."